व्याही, विहीणबाई आणि चाळीस फुटी बोट: मुक्काम कुठे टाकायचे?

प्रश्न: मी तासगावचा द्राक्ष बागायतदार, वय एकसष्ट. मुलगी-जावई जर्मनीत असतात. जावयांनी बोट चालवायचं लायसन काढलंय आणि जुलैअखेर भूमध्य समुद्रात आठवडाभर चाळीस फुटी शिडाची बोट भाड्याने घ्यायचं त्यांनी ठरवलंय. आम्ही दोघं, ते दोघं आणि साताऱ्याचे व्याही-विहीणबाई, असे सहा जण. ग्रीस, क्रोएशिया आणि दक्षिण फ्रान्स इथल्या मरीनांची (बोटी लावायच्या सोयीच्या बंदरांची) यादी पाठवून "बाबा, तुम्हीच निवडा" असं जावई म्हणतात. व्याह्यांना सांतोरिनीच पाहिजे. आमच्या हिला आंबा घाटात गाडी लागते. विहीणबाईंचे गुडघे दुखतात आणि श्रावण कडक असतो. मी स्वतः कृष्णेत पोहून वाढलोय, मला कशाची भीती नाही. रोज रात्री मरीनातच थांबावं का? कोणत्या निवडाव्यात? आणि सोबत खायला काय न्यावं?
— अण्णा, तासगाव

उत्तर:

अण्णा, नमस्कार.

जावयांनी मोठ्या हुशारीने हे काम तुमच्याकडे सरकवलंय. उद्या व्याह्यांची सांतोरिनी हुकली तर बोल तुम्हाला लागणार, त्यांना नाही. असो. तुम्ही पाठवलेली यादी वाचली. प्रत्येक मरीनापुढे रात्रीचं भाडं, वायफाय, पोहण्याचा तलाव, जवळचं हॉटेल, सगळं लिहिलंय. वाऱ्याचा रकाना मात्र कुठेच नाही. नवी बाग लावताना तुम्ही आधी पाणी बघता, मग कलमाची जात ठरवता. इथंही आधी समुद्र ठरवायचा, त्या महिन्यात तिथे कुठल्या दिशेचा किती वारा असतो ते बघायचं, आणि मरीना सगळ्यात शेवटी. जुलैअखेर म्हटल्यावर यादीतली निम्मी नावं तशीच गळतात.

पहिली गळते ती व्याह्यांची सांतोरिनी. ग्रीसच्या पूर्वेला एजियन समुद्र आहे आणि त्याच्या मधोमध मिकोनोस, पारोस, सांतोरिनी ही सगळी फोटोतली बेटं. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. आभाळ निळंशार, ऊन कडक, ढगाचा पत्ता नाही, आणि वारा मात्र ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने दोन दोन, तीन तीन दिवस अखंड. कधी त्याहूनही जास्त. गंमत अशी की या वाऱ्याचं मूळ आपल्याकडच्या पावसाशी जोडलेलं आहे. उन्हाळ्यात पश्चिम आशियावर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो तो आपल्या मान्सूनच्या पट्ट्याचंच पश्चिमेकडचं टोक, आणि बाल्कनकडच्या जास्त दाबाकडून हवा त्याच्याकडे धावते. म्हणजे महाबळेश्वरला पाऊस कोसळत असतो त्याच दिवसांत तिकडे मेल्तेमी सुटलेला असतो. मुरलेले खलाशी या वाऱ्याची वाट बघतात. ज्यांना आंबा घाटात गाडी लागते त्यांना तिथे बोट लागणार, आणि एकदा लागली की उरलेला आठवडा त्या वहिनी तुमच्याशी बोलणार नाहीत.

शिवाय सांतोरिनीला बोट लावायची कुठे? ते बेट म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीची कड. पांढऱ्या घरांच्या खाली जे पाणी दिसतं त्याची खोली तीनशे मीटरच्या वर जाते, तिथे नांगर टाकायची सोय नाही. दक्षिणेला व्लिखादा नावाची लहानशी मरीना आहे. तिचं तोंड गाळाने भरत राहतं आणि जुलैत जागा मिळेल याचा भरवसा नाही. व्याह्यांना सांगा, बोटीचा आठवडा झाला की अथेन्सजवळच्या पिरेयसहून मोठी फेरीबोट पकडून सांतोरिनी बघून या. फोटो तेच येतात.

दक्षिण फ्रान्सचं वेगळं. सेंट-त्रोपे, आंतीब ही नावं मोठी, भाडी त्याहून मोठी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये महिनेच्या महिने आधी आरक्षण लागतं. मला तो किनारा या कामासाठी पटत नाही. त्याच्या पश्चिमेला पोर्त-कामार्ग आणि ला ग्रांद-मोत आहेत, त्या मात्र तुमच्यासारख्या योजना आखणाऱ्या माणसाने एकदा बघाव्यात. १९६३ पासून फ्रेंच सरकारने हा दलदलीचा, डासांचा किनारा ताब्यात घेऊन तिथे आखीव पर्यटननगरं उभी केली. ला ग्रांद-मोतच्या पिरॅमिडसारख्या इमारती जाँ बालादूर या वास्तुविशारदाच्या, आणि पोर्त-कामार्गला तर सुमारे पाच हजार बोटी राहतात. सोयी पैकीच्या पैकी. पण बाहेर पडल्यावर दोन्हीकडे सरळ वाळूचा किनारा, आडोशाला एक खाडी नाही. मिस्त्राल किंवा त्रामोंतान हा उत्तर-वायव्येचा जोरदार वारा सुटला तर मरीनात अडकून बसायचं आणि आग्नेयेचा वारा असेल तर बंदराच्या तोंडाशीच लाटा फुटतात. आठवड्याची सहल करणाऱ्याने तिथे बोट घेऊ नये.

राहिले दोन: क्रोएशियाचा दाल्मेशिया किनारा आणि ग्रीसच्या पश्चिमेचा आयोनियन समुद्र. तुमची निवड खरं तर या दोघांतच आहे.

क्रोएशियात स्प्लित किंवा त्रोगिरहून निघालात तर मरीनांची टंचाई नाही. एसीआय ही त्यांची १९८३ साली सुरू झालेली संस्था, तिच्या एकटीच्या बावीस मरीना आहेत. ब्राच बेटावर मिल्ना, ह्वारसमोरच्या छोट्या बेटावर पाल्मिझाना, अशा दोन-चार तासांच्या अंतराने लागत जातात; पुढची कोर्चुला मात्र त्याहून लांब. संडास-न्हाणीघर, वीज, पाणी, धक्क्यावरून दोर हातात देणारा माणूस, सगळं ठरल्याप्रमाणे. रेडिओवर १७ नंबरच्या चॅनेलला हाक मारली की उत्तर येतं. किंमत मात्र मोजावी लागते: बारा मीटरच्या बोटीला भर हंगामात रात्रीचे शंभर युरोच्या वर सहज जातात. भाडं बोटीच्या लांबीवर असतं आणि दोन सांगाड्यांची कॅटामरान असेल तर दीडपट, कुठे दुप्पटही. उन्हाळ्यात तिथला रोजचा वारा सौम्य असतो, पण संध्याकाळी पश्चिमेकडून अचानक वळीव येतो. ते त्याला नेवेरा म्हणतात. आपल्याकडच्या वळवाची ओळख असलेल्या माणसाला त्याची चाहूल कळते. तासाभरात येतो, धिंगाणा घालतो, जातो.

आयोनियनचा कारभार साधा. कॉर्फूपासून झाकिन्थोसपर्यंतच्या या समुद्रात सकाळी पाणी तेल ओतल्यागत शांत, दुपारी एक-दोनच्या सुमारास वायव्येचा वारा धरतो, चार-पाचला जोरात येतो आणि सूर्य बुडाला की पडतो. बहुतेक दिवस असेच. म्हणजे वहिनींना घेऊन सकाळी इंजिनावर दोन-तीन तासांत पुढचं बंदर गाठायचं, जेवणं उरकायची आणि दुपारी जावई-मुलीने खाडीबाहेर शिडं उभारून हौस भागवून यायची. बेटं इतकी जवळ की लेफ्कादा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया हा सगळा फेरा दहा-पंधरा नॉटिकल मैलांच्या टप्प्यांत होतो. (नॉटिकल मैल म्हणजे १.८५ किलोमीटर, शिडाची बोट तासाला पाचेक मैल जाते.) अडचण एकच: इथे खऱ्या अर्थाने मरीना मोजक्या. कॉर्फूची गुव्हिया, लेफ्कादा, प्रेवेझा ही मोठी नावं. बाकी ठिकाणी गावाचा धक्का किंवा खानावळवाल्याने स्वतःच बांधलेला तराफा.

माझं मत आयोनियनला. फक्त एक गोष्ट घरात आधी विचारून घ्या, आणि ती व्याह्यांना नाही, दोघी बायकांना विचारा: रोज रात्री जमिनीवरचं न्हाणीघर पाहिजेच का? उत्तर "पाहिजेच" असेल तर क्रोएशिया आणि पैशाची तयारी. "एकाआड एक रात्र चालेल" असेल तर लेफ्कादाहून बोट घ्या. बोटीवर संडास असतो, पण बहुधा हातपंपाचा, त्यात कागदाचा कपटाही टाकायचा नसतो, आणि प्लायवूडच्या पलीकडे व्याही झोपलेले असतात. या गोष्टी पत्रात कुणी लिहीत नाही, सहली मात्र यावरूनच बिघडतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, रोज मरीना का? नको. कारण पैशापेक्षा उकाडा. जी मरीना चारी बाजूंनी बंदिस्त, जिथे वारा लागत नाही, तिथे जुलैच्या रात्री केबिनमध्ये घामाच्या धारा लागतात. लेफ्कादाची मरीना खाजणात आहे. सुरक्षित आहे, सोयीची आहे, आणि रात्री गरम. डासही असतात. शिवाय मरीनात पोहता येत नाही. पाणी घाण असतं, बोटी हलत असतात आणि धक्क्यावरच्या विजेची गळती पाण्यात उतरण्याचा धोका असतो. कृष्णेचे पट्टीचे पोहणारे तुम्ही, तुम्हाला खाडीतल्या नांगरावर सकाळी सातला उडी मारायला मिळाली नाही तर इतक्या लांब जाऊन काय केलं? (इंजिन बंद झाल्याशिवाय उडी मारायची नाही, आणि वाऱ्यात बोट सरकते तेव्हा भल्या पोहणाऱ्यालाही ती गाठता येत नाही. हे जावई सांगतील; त्या वेळी सासरेपणा बाजूला ठेवा.)

मी असा बेत करेन. शनिवारी लेफ्कादा. बोटी शनिवार ते शनिवार भाड्याने देतात आणि तळावरची (जिथून बोट घेतो तिथली) पहिली व शेवटची रात्र बहुतेक भाड्यातच धरलेली असते, विचारून घ्या. रविवारी जवळच मेगानिसी बेटावर वाथी. तिथे गावाच्या धक्क्याशेजारी लहान मरीना आहे. पहिल्या दिवशी मुद्दाम जवळचं ठेवायचं, वहिनींचं पोट बघायला. सोमवारी इथाकावरचं कियोनी, मंगळवारी केफालोनियाचं फिस्कार्दो. १९५३ च्या भूकंपात केफालोनियाची बहुतेक गावं जमीनदोस्त झाली, फिस्कार्दो बरंचसं बचावलं, त्यामुळे जुनी घरं बघायला मिळतात. फिस्कार्दोला दुपारी बारानंतर जागा शोधणं म्हणजे डोकेदुखी. बुधवारी परत मेगानिसीची मरीना: कपडे, पाणी, न्हाणं. गुरुवारी लेफ्कादाच्या दक्षिणेची सिव्होता खाडी आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तळावर, कारण शनिवारी सकाळी बोट रिकामी करून द्यायची असते. रात्री चार मरीनाच्या, तीन बाहेरच्या. गावाच्या धक्क्याला दहा-वीस युरो पडतात. खानावळीच्या तराफ्यावर जेवलात तर बोट फुकट.

नकाशात बंदिस्त दिसणारी प्रत्येक जागा आडोशाची असते असं नाही. इथाकावरच मोठं वाथी आहे. नकाशात बघितलं तर आतवर गेलेली, चहूकडून डोंगरांनी वेढलेली खाडी. प्रत्यक्षात दुपारचा वायव्य वारा डोंगरावरून सुटून थेट त्या नळकांड्यात शिरतो आणि धक्क्यावरच्या बोटी रात्र पडेपर्यंत झुलत राहतात. म्हणून कुठलीही मरीना बघताना पहिला प्रश्न: तोंड कुठल्या दिशेला आहे आणि दुपारचा वारा कुठून येतो? दुसरा: फेरीबोटी जवळून जातात का? त्यांच्या लाटेने ताटातलं वरण सांडतं. तिसरा विहीणबाईंसाठी: बोटीवरून धक्क्यावर उतरायचं कसं?

हा तिसरा जरा सविस्तर सांगतो. भूमध्य समुद्रात बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत, पाठ लावतात. पुढे नांगर टाकून किंवा मरीनाने तळाशी बांधून ठेवलेला दोर उचलून पुढचं टोक ताणायचं, मागून दोन दोर धक्क्याला, आणि मधे एक फळी. त्या फळीवरून चालत उतरायचं. रत्नागिरीला भरती-ओहोटीत पाणी दोन मीटरच्या आसपास वर-खाली होतं, तिथे ही फळी दिवसातून दोनदा उभी झाली असती. भूमध्यात भरती बहुतेक ठिकाणी वीतभर, त्यामुळे फळी एका पातळीत राहते आणि गुडघेदुखीच्या माणसाला हात धरून उतरता येतं. पण काही गावांचे जुने धक्के उंच असतात. म्हणून बोट घेताना मागचा भाग उघडून पायरी होते अशीच मागा आणि फळीला कठड्याचा दोर आहे का बघा.

मरीनातला तळाशी बांधलेला दोर असेल तर काम सोपं. स्वतःचा नांगर टाकायचा असेल तर जुलैच्या संध्याकाळी धक्क्यावर तमाशा असतो: एकाच्या साखळीवर दुसऱ्याची साखळी, तिसरा वाऱ्याने आडवा, आणि सगळ्या भाषांतल्या शिव्या. म्हणून दुपारी एकच्या आत पोचायचं. तुमचं काम फेंडर धरायचं, म्हणजे तो रबरी फुगा दोन बोटींच्या मधे. बोट आपटायला लागली तरी हातापायाने अडवायची नाही, आठ-नऊ टनांचं वजन असतं. व्याह्यांकडे एक दोर द्या. त्यांना जबाबदारी दिली की सांतोरिनी विसरतील.

कागदपत्रांचं थोडक्यात. ग्रीसमध्ये लायसनवाला एक आणि बोटीची माहिती असलेला दुसरा सज्ञान माणूस लागतो. मुलीने ते लिहून द्यायचं असेल तर तिला खरोखर दोर बांधता आले पाहिजेत. क्रोएशियात रेडिओचा परवानाही मागतात. जावई पहिल्यांदाच सहा जणांना घेऊन निघत असतील तर एक स्थानिक कप्तान ठेवा असं मी म्हणेन, पण मग तुमची तीन केबिनची बोट पुरणार नाही, चार केबिनची घ्यावी लागेल. दोन-तीन हजार युरोची अनामत लागते ती वेगळीच. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून असलेला एकच व्हिसा) ग्रीसला चालतो, आणि १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियालाही. बोटीआधी-नंतर जर्मनीत जास्त दिवस राहणार असाल तर अर्ज जर्मनीकडे करायचा. किमान तीस हजार युरोचा आरोग्य विमा लागतोच. त्यात शिडाची बोट धरलीय का तेवढं वाचा. कॉर्फूकडे कुणी "समोरच अल्बानिया दिसतोय, जाऊन येऊ" म्हणालं तर गप्प बसवा. तो शेंगेनच्या बाहेर आहे, एकदाच प्रवेश असलेल्या व्हिसावर परत आत येता येणार नाही.

वहिनींच्या गोळीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि ती बोट सुटायच्या आधी घ्यायची, लागल्यावर नाही. चालत्या बोटीत त्यांनी खाली केबिनमध्ये जाऊ नये. वर बसून लांब क्षितिजाकडे बघावं, स्वयंपाक नांगर पडल्यावर. पाण्याचं तुम्हाला सांगायला नको. बोटीची टाकी तीन-चारशे लिटरची, सहा जणांत ती कशी पुरवायची हे टँकरवर बाग जगवलेल्या माणसाला कळतं. बेटांवर पाणी विकत मिळतं आणि कुठे मिळतही नाही, म्हणून मरीनाच्या रात्री टाकी काठोकाठ.

राहिलं खाणं. विहीणबाईंच्या श्रावणाची फार चिंता नको. ग्रीक लोकांचाही १ ते १४ ऑगस्ट मेरीमातेचा उपवास असतो. खानावळीत "निस्तीसिमो" म्हटलं की मांस-दूध-अंडं नसलेलं समजतात. मात्र त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतो, तेव्हा ते वेगळं सांगायचं. फावा म्हणजे आपल्या घट्ट वरणाच्या जवळचं, यिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेल्या मोठ्या घेवड्याच्या बिया, ब्रियाम म्हणजे भाज्या. भात मागितला तर मिळतो. तारखा पुढे सरकल्या तर १५ ऑगस्टचा आठवडा टाळा, तिथेही त्या दिवशी मोठी सुट्टी असते आणि धक्क्यावर बोट लावायला जागा मिळत नाही.

तीन लिटरचा कुकर न्या, बोटीची शेगडी दोन बर्नरची असते. ज्वारीचं पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, हळद, सगळं चालतं. तुमचा बेदाणा भरपूर न्या, समुद्रावर चघळायला त्याच्यासारखं काही नाही, आणि धक्क्यावरच्या शेजाऱ्याला मूठभर दिला की तो दोर धरायला धावतो. ग्रीक माणसाला बेदाण्यातलं कळतं. व्याह्यांना मात्र आधीच सांगून ठेवा: युरोपियन संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचं तूप विमानतळावर काढून घेतील. पेढे निघायच्या आदल्या दिवशीच संपवा.